टाकी कुणी उचलायची?

आपली टाकी जो आपण उचलत नाही तो डायव्हर नव्हे, असं मी बरीच वर्षं मानत आले. नुसतं मानत नव्हते, चारचौघांत ऐकवतही होते. मालदीवच्या सफारी बोटीवरून आलेली मैत्रीण ‘अगं, पायात फिन्ससुद्धा बोटीवरची माणसंच घालतात’ असं कौतुकाने सांगायला लागली की माझ्या कपाळावर आठी पडायची. पालखीत बसून समुद्र बघून आली, असं मनात यायचं.

याचं मूळ सह्याद्रीत आहे. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला पहिला धडा मिळाला तो आपली सॅक आपण वाहण्याचा. दुसऱ्याच्या खांद्यावर सॅक दिली तर परतीच्या एसटीत थट्टा ठरलेली. तोच बाणा घेऊन मी पाण्यात उतरले. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मी शिकले तेव्हा ओहोटी लागली की बोट लांब उभी राहायची. मग पाठीवर भरलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी, अंगात बीसीडी म्हणजे हवा भरायचं जॅकेट, कमरेला शिसं असा सगळा ऐवज घेऊन, मेलेल्या प्रवाळाच्या दगडांवरून, गुडघाभर पाण्यातून तिथवर चालायचं. दगड शेवाळलेले, पाय कुठे ठेवतोय ते दिसायचं नाही. खाली तासभर काय पाहिलं यापेक्षा हे चालणं मी जास्त रंगवून सांगत असे.

मालवणच्या पर्यटकाला मात्र मी कधी हसले नाही. किल्ल्याजवळ बोटीतून उतरणाऱ्या त्या माणसाला काहीच करायचं नसतं. जॅकेटात हवा गाइड भरतो, टाकीला धरून गाइडच त्याला फिरवतो, व्हिडिओही तिथल्याच माणसांपैकी कुणीतरी काढतो. तो पाहुणा आहे, शिकलेला नाही. माझा राग होता तो खिशात डायव्हरचं कार्ड असूनही आयतं मागणाऱ्यांवर.

मत बदलायला सुरुवात झाली ती पाठीमुळे, हे मी लपवत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मणक्याने तत्त्वांची पर्वा करणं सोडलं. पण नुसती पाठ असती तर मी डायव्हिंग सोडलं असतं, मत सोडलं नसतं. मी तशी हट्टी आहे. मत बदललं ते पाण्याखाली शरीराचं काय होतं हे नीट वाचल्यावर. दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरतो, आणि वर आल्यावर त्याचे बारीक बुडबुडे होतात. बहुतेक वेळा फुप्फुसं ते गाळून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण वर आल्या आल्या जोर लावला, जड काही उचललं, तर ते गाळणीतून निसटून धमन्यांच्या बाजूला जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डाइव्हनंतर कष्टाची कामं टाळा, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. आणि मी काय करत होते? हलत्या शिडीवरून टाकीसकट वर चढायचं, ती उतरवायची, उचलून रांगेत लावायची आणि वर मिरवायचं. बोटीवरच्या पोराने पाण्यातच ‘मॅडम, जॅकेट द्या’ म्हणून हात पुढे केला की मी मानेने नाही म्हणायची. लाड करतोय असं मला वाटायचं. तो त्याचं काम करत होता.

त्या हातांबद्दलही माझ्या मनात घोळ होता. आपण मौज करायची आणि कुणीतरी गरिबाने आपलं ओझं वाहायचं, हे बरं दिसत नाही असं वाटायचं. हॅवलॉकच्या बोटींवर कारेन समाजाचे बरेच लोक काम करतात. इंग्रजांच्या काळात, 1925 साली, त्यांचे पूर्वज ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात येऊन वसले. हॅवलॉकच्या नामांकित डाइव्ह साइट म्हणजे डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार. ही नावं कुणा साहेबांची असणार असा माझा समज होता. ती कारेन डायव्हरांचीच आहेत, ज्यांनी या जागा शोधल्या त्यांची. मी ज्यांची हमालीतून सुटका करू पाहत होते ते समुद्र माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखून होते. त्यांना माझ्या दयेचा उपयोग नव्हता, नीट पगाराचा होता.

मग मालदीवला गेले. सफारी बोटीचा थाट पाहून आधी अवघडल्यासारखं झालं. राहायची बोट वेगळी, डायव्हिंगची वेगळी. त्या दुसरीला धोणी म्हणतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि टाक्या सगळ्या धोणीवर, त्यामुळे झोपायच्या बोटीवर ती धडधड नाही. पहिल्या दिवशी आपलं सामान एकदा टाकीला लावायचं. त्यानंतर ते तिथेच राहतं, टाकी तेवढी भरली जाते. आपण सकाळी वेटसूट चढवून एका बोटीतून दुसरीत पाय टाकायचा. वर आलं की टॉवेल, आल्याचा चहा. दिवसाला तीन डाइव्ह असल्या तरी अंग आंबून जात नाही. दमलेली नसते म्हणून मी खाली हवा कमी ओढते, जास्त वेळ राहते, आजूबाजूला बघते. माया थिला या तिथल्या डाइव्ह साइटला रात्री टॉर्चच्या झोतात व्हाइटटिप शार्क शिकार करत होते तेव्हा माझं लक्ष शार्ककडे होतं, दुखऱ्या कमरेकडे नव्हतं. त्या सहलीत माझा जुना बाणा गळून पडला. बसवा पालखीत, माझी ना नाही.

मात्र पालखीचीही परीक्षा असते, आणि ती मला दुसऱ्या एका आरामदायी बोटीवर कळली. तिथे ब्रीफिंगमध्येच सांगितलं होतं की सामानाला हात लावू नका, आमच्या माणसांनी सगळं तयार ठेवलंय. उडी मारायच्या आधी एका मदतनिसाने पाठीमागे जाऊन माझ्या टाकीचा व्हॉल्व्ह ‘बघितला’. वीसेक मीटरवर गेल्यावर श्वास जड यायला लागला. गेज पाहिलं तर श्वास घेतला की काटा धपकन खाली, सोडला की पुन्हा वर. टाकी भरलेली होती, व्हॉल्व्ह जेमतेम उघडा होता. जुन्या पद्धतीत व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव वळसा मागे घेतात. त्या माणसाने उलट्या दिशेने फिरवून बंद केला असणार आणि मग पाव वळसा उघडला असणार. बोटीवर तेवढ्या फटीतून श्वास पुरतो. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे दर श्वासाला हवाही तिप्पट लागते, आणि तिथे फट अपुरी पडते. गाइड जवळ होता, त्याने हात मागे घालून व्हॉल्व्ह उघडला आणि विषय संपला. तो हातभर जरी लांब असता तर काय, हा विचार मी तेव्हा केला नाही, केबिनमध्ये जाऊन केला.

तेव्हापासून टाकी कुणीही उचलो, उडीच्या आधी रेग्युलेटर तोंडात धरून तीन-चार मोठे श्वास मी गेजकडे बघतच घेते. काटा जागचा हलता कामा नये. चांगल्या बोटीवरची माणसं हे होईपर्यंत शांतपणे थांबतात. ‘मॅडम, झालंय सगळं’ म्हणून घाई करणारी बोट माझ्या दृष्टीने बाद, मग तिथला शेफ कितीही वरचा असो.

त्यामुळे बुकिंगच्या आधीचे माझे प्रश्न आता निराळे असतात. केबिनमधून समुद्र दिसतो का हे मी शेवटी विचारते. आधी विचारते की पाण्यातून वर आलेल्यांची मोजदाद कोण करतो आणि कशी. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट किनाऱ्याला परतली. ते कमी आहेत हे दोन दिवसांनी, बोटीवर पडून असलेल्या त्यांच्या बॅगेवरून लक्षात आलं. ते कधीच सापडले नाहीत. नावं पुकारायला, वहीत टिक करायला काय खर्च येतो?

दुसरं विचारते ते रात्रीबद्दल. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्ह बोट पहाटे पेटली आणि खालच्या डेकवर झोपलेले चौतीसच्या चौतीस जण गेले. आग कशाने लागली ते नक्की ठरलं नाही, पण रात्री पहाऱ्याला कुणी जागं नव्हतं हे चौकशीत स्पष्ट झालं. खालून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या, दोन्ही एकाच खोलीत निघत होत्या, आणि ती खोली पेटलेली होती. म्हणून मी विचारते: रात्री जागं कोण असतं? कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज कुठे होतात? केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते? ऑक्सिजन किती आहे आणि तो द्यायला शिकलेलं कोण आहे, हेही.

उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा जास्त सांगून जाते. ‘काळजी करू नका, सगळी सोय आहे’ एवढंच आलं की मी पुढे जात नाही. एका बोटीने उलट मलाच विचारलं: शेवटची डाइव्ह कधी, प्रवाहाची सवय आहे का, औषधं कुठली चालू आहेत. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात चेक डाइव्ह करावी लागेल, ती जमली नाही तर खाडीच्या तोंडावरच्या जोरदार प्रवाहात नेणार नाही, असंही कळवलं. मालदीवात हौशी डायव्हरांना कायद्याने 30 मीटरची मर्यादा आहे. ‘आमच्याकडे पाहुण्यांसाठी ती सैल होत नाही,’ हे वाक्य त्यांनी न विचारता लिहिलं होतं. मी त्यांच्याकडेच गेले. तिथे दर डाइव्हआधी गाइड एकटा उडी मारून प्रवाह बघून यायचा आणि एका सकाळी येऊन म्हणाला, आज इथे नाही. शार्कसाठी आलेले काही पाहुणे फुरंगटले. त्यांना नाश्त्याला जास्तीचे पॅनकेक मिळाले, जागा मात्र बदललीच.

पैसे लागतातच, आणि ते थोडेथोडके नव्हेत. ज्यांना ते झेपत नाहीत त्यांनी हॅवलॉकची साधी डाइव्ह शॉप बघावीत, तिथेही टाकी उचलणारे आणि डोकी मोजणारे हात आहेत. मी एकच खर्च कापते, तो मोठ्या केबिनचा. आणि शेवटच्या दिवशीच्या टिपच्या पेटीबद्दल आता आधीच विचारून घेते. ते पैसे गाइड आणि वेटरांपुरतेच राहतात, की धोणीवर कॉम्प्रेसर चालवणाऱ्याला आणि रात्री जागणाऱ्यालाही मिळतात? एका कंपनीने या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तेव्हा मी ॲडव्हान्स भरला नाही. दुसरीने वाटणी लिहूनच पाठवली. तिच्याकडे डिसेंबरचं बुकिंग केलंय, खालच्या डेकवर, शिडीजवळची केबिन.