पाणी जोखताना

आमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी द्यायचा, तेव्हा आम्ही पोरे भात्याभोवती कोंडाळे करून बसत असू. लाल झालेला विळा डोणीत शिरला की 'चर्र' असा आवाज होई. मग तो पाते नखाने वाजवून म्हणे, "लागलं पाणी!" पाणी लागले म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र त्याने कधी सांगितले नाही. ते समजायला मला इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी लागली आणि समजल्यावर पोटासाठी तोच धंदा करावा लागला. फरक इतकाच, की तो विळ्याला पाणी देई आणि आम्ही विमानाच्या चाकांना.

विमानाचे चाक दोन अर्धे भाग बोल्टांनी जोडून केलेले असते. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून केलेला धातू तापवून, प्रेसखाली दाबून हे भाग घडवतात. पण नुसत्या घडाईने अंगात बळ येत नाही. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्यांना काही तास ठेवले, म्हणजे साखर पाण्यात विरघळावी तसे तांबे त्या धातूत विरघळते. मग चटकन पाण्यात बुडवले, की ते बाहेर पडायच्या आत जागच्या जागी कोंडले जाते.

पोलाद पाणी दिल्याबरोबर कडक आणि ठिसूळ होते. त्याला पुन्हा ऊब देऊन जरा शांत करावे लागते. या धातूची तऱ्हा उलटी. पाण्यातून निघतो तो मऊ, आणि बळ येते ते नंतर, पडल्यापडल्या! जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली हे प्रथम दिसले. विरघळलेल्या तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके आतल्या आत जमतात म्हणून असे होते, हे १९३८ साली गिनिए आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी दाखवून दिले. आम्ही तो माल सुमारे १७० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा तास ठेवून या विश्रांतीला थोडी घाई करतो. पडल्यापडल्या बळ वाढते, हा सिद्धान्त मी रविवारी घरी मांडून पाहिला. पण आमच्या सौभाग्यवतींना धातुशास्त्र मान्य नाही.

या सगळ्या खटाटोपात जीव अडकलेला असतो तो पंधरा सेकंदांत. भट्टीचे दार उघडल्यापासून मालाची जाळी पूर्ण बुडेपर्यंत तेवढाच वेळ. उशीर झाला, तर तांबे कणांच्या सीमांवर निसटते आणि पुढे तिथेच गंज आत शिरू शकतो. डोळ्यांना काही दिसत नाही. कठीणपणा मोजणारे यंत्रही पुष्कळदा 'उत्तम' म्हणून मोकळे होते. साक्षीला राहतो तो वहीतला आकडा.

१९८१ सालची धनत्रयोदशी होती. माल सकाळी जायचा होता. भट्टीवर आम्ही ज्यांना 'मामा' म्हणत असू ते होते. स्टॉपवॉच माझ्या हातात. दार उघडले, जाळी निघाली आणि होइस्टची साखळी क्षणभर अडकली. जाळी बुडाली तेव्हा काटा एकोणिसावर होता.

"किती झालं, सायेब?"

"चौदा," मी म्हणालो, आणि तसेच लिहिले.

मामा माझ्याकडे बघत राहिले. "म्या एकोणीस मोजलं. माझंच चुकलं आसंल," एवढे म्हणून ते वळले.

मी डबा उचलून फाटकापर्यंत गेलो. फाटकावर पहारेकऱ्याने आकाशकंदील लावला होता. चार सेकंदांनी काय होते, असे मी स्वतःला समजावत होतो. कदाचित खरोखरच काही झाले नसते. पण त्या चाकांवर टेकणाऱ्या माणसांनी माझी वही पाहिलेली नव्हती, आणि पाहणारही नव्हती. माझे पाय काही पुढे पडेनात.

परत आलो, तर मामा विडी ओढत बसले होते आणि जाळी तशीच टाकीपाशी.

"ओव्हनमध्ये का नाही घातली?"

"लई गरम लागत हुती हाताला," मामा म्हणाले.

जाळी पाण्यातून निघून अर्धा तास झाला होता! मी चौदा खोडून एकोणीस केले आणि खाली सही केली. या धातूचा एक मोठेपणा आहे. पाणी चुकले, तरी पुन्हा तापवून, वेळेत पाणी देऊन त्याला सुधारता येते. आम्ही तेच केले. माल एक दिवस उशिरा गेला, वरिष्ठांनी मला फैलावर घेतले आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान टळटळीत दुपारी झाले.

मामा आता नाहीत. मीही निवृत्त झालो. त्या रात्री पाणी जोखले गेले ते चाकांचे नव्हे, हे मला केव्हाच कळले आहे. आणि ते पुन्हा द्यायला विडी ओढत कुणीतरी थांबले होते, हे माझे नशीब.