गोळी घेतली का?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला दोन-तीन घरांतल्या फोनचे गजर एकदमच वाजतात. थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने.

*

चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पाच औषधं झाली की हे गणित भल्याभल्यांचं चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणून विसरणाऱ्याला घरच्यांनी बोल लावू नये.

*

'मेडिसेफ' हे औषधाची आठवण करून देणारं ॲप इस्रायलमधल्या दोन भावांनी काढलं. त्यांच्या वडिलांनी इन्सुलिन घेतलं होतं. ते आठवेना, म्हणून पुन्हा घेतलं. घ्यायला विसरणं वेगळं आणि घेतल्याचं विसरणं वेगळं. पहिल्यावर गजर पुरतो, दुसऱ्यावर नोंदच लागते.

*

क्षयरोगासाठी आपल्याकडे '९९डॉट्स' आलं. त्याला साधा फोनही चालतो. पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला नंबर दिसतो. त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला नाही की आरोग्य कर्मचाऱ्याला कळतं. पुढे औषध खरंच पोटात गेलं का हे पाहायला लघवीच्या तपासण्या झाल्या, तेव्हा कॉल आणि गोळी यांचा मेळ दरवेळी बसला नाही. नोंदही खरी असावी लागते.

*

शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत. इकडे डोस चुकला की ॲपवरून तिकडे त्याला मेसेज जातो. काकू गजर वाजताच 'घेतली' दाबायच्या, मग पाण्याला उठायच्या, तेवढ्यात दारावरची बेल. संध्याकाळी गोळी पट्टीत तशीच. आता गोळ्यांचा डबा आणि तांब्या फोनशेजारीच असतात. आधी गिळायची, मग बटण.

*

फोनमधलं बॅटरी सेव्हर कधीकधी गजर गप्प करतं. सेटिंगमध्ये जाऊन औषधाच्या ॲपला त्यातून वगळावं. मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, तर नाव बदलतं, औषध तेच राहतं. ॲपमध्ये मूळ औषधाचं नावही लिहावं. नाहीतर जुनी आणि नवी, दोन्ही पोटात जातात.

*

घेतली की नाही अशी शंका असेल तर अंदाजाने दुसरी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं. तपासणीला जाताना महिन्याची नोंद त्यांना दाखवावी, चुकलेल्या दिवसांसकट. बीपी उतरत नसेल, तर औषध कमी पडतंय की पोटातच जात नाहीये, हे त्यांना त्यावरून कळतं, आणि विनाकारण वाढणारा डोस टळतो.