कागद जसा आहे तसा

वसईकडच्या जुन्या घरांत पलंगाखाली किंवा माळ्यावर एक पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, एखादे खरेदीखत, आजोबांचे मृत्युपत्र आणि घडीवर फाटलेला मोजणीचा नकाशा असा ऐवज असतो. घरात वाटणीची गोष्ट निघाली, की ती पेटी उघडते आणि तिच्यातील कागद वकिलांच्या टेबलावर जातात. अलीकडे ते तेथून स्कॅनरखाली आणि मग संगणकात जातात. ह्या शेवटच्या प्रवासाशी गेली तीन वर्षे माझा संबंध आला, त्याची ही हकिकत.

मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून आता आमच्या परिसरातील पतपेढ्या, दवाखाने, छोटी कार्यालये यांची कामे करतो. आमच्याकडील एका वृद्ध वकीलसाहेबांनी आपल्या कार्यालयासाठी एक प्रोग्राम मागितला. चार लोखंडी कपाटे भरतील एवढे पक्षकारांचे कागद त्यांनी स्कॅन करवून घेतले होते. कोणत्या पक्षकाराचे कोणते कागद, एवढी यादी देणारा प्रोग्राम मी महिन्याभरात उभा केला. त्यांनी तो चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "यादी तर माझ्या कारकुनाच्या वहीतही आहे. नावावर बोट ठेवले की कागद दिसला पाहिजे. इथेच, ह्याच खिडकीत."

मागणी रास्त होती. परंतु ती पुरी करण्यासाठी जो भाग लागतो, ज्याला आमच्या धंद्यात डॉक्युमेंट व्ह्यूअर म्हणतात, तो बसल्या जागी लिहून काढण्यासारखा नसतो. वाचकहो, पीडीएफ फाइल आपण रोज उघडतो; तिच्या पोटात काय असते याची आपल्याला कल्पना नसते. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार बाजारात आणला. प्रारंभी फाइल वाचण्याचा रीडरदेखील विकत घ्यावा लागे. पुढे तो फुकट झाला आणि पीडीएफ जगभर पसरला. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, म्हणजे त्याचे नियम वाचून कोणीही स्वतःचा व्ह्यूअर बनवू शकतो. ते नियम साडेसातशेहून अधिक पानांचे आहेत. छायाचित्रे दाबून बसविण्याच्या पाच-सहा रीती, फॉन्टचे निरनिराळे प्रकार, कुलपे, सह्या, हे सारे त्यांत आले. शिवाय वकीलसाहेबांच्या संग्रहात नुसते पीडीएफ नव्हते. जुन्या स्कॅनरने काढलेल्या अनेक पानी टिफ फायली होत्या आणि नोटिशींच्या वर्ड फायलींचा ढीग होता. असा भाग तयार विकत घेऊन आपल्या प्रोग्राममध्ये बसवावा, हीच धंद्याची रीत आहे.

म्हणून मी बाजारात गेलो. तेथील पहिला अनुभव असा, की पुष्कळ ठिकाणी किंमत लिहिलेलीच नसते. 'विक्री विभागाशी संपर्क साधा' एवढेच असते. संपर्क साधला, की तुमची कंपनी केवढी, ग्राहक किती, अशी विचारपूस होते आणि मग डॉलरमधील आकडा येतो. जेथे किंमत उघड लिहिलेली असते, तेथेही ती एकदा देऊन सुटका होत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येक माणसामागे दर वर्षी एक रक्कम, ज्या यंत्रावर प्रोग्राम बसेल त्याची निराळी, आणि टिफ हवे असेल, वर्ड हवे असेल, तर त्या जोडभागांची आणखी निराळी. हे दर अन्यायाचे आहेत असे मी म्हणणार नाही. साडेसातशे पानांचे नियम पाळणाऱ्या माणसांचे पगार त्यांतून निघतात. परंतु ते ज्यांच्यासाठी ठरविलेले आहेत, ती गिऱ्हाइके बँका आणि विमा कंपन्या आहेत. दोन टेबले आणि एक कारकून असलेले कार्यालय त्यांच्या हिशेबात नाही. सर्वांत स्वस्त आकडा मी वकीलसाहेबांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझेच कागद पाहण्यासाठी मी दर वर्षी भाडे भरायचे? आणि एखाद्या वर्षी नाही भरले तर?"

ह्या प्रश्नाने माझ्या शोधाची दिशा ठरली. स्वस्त म्हणजे आज कमी पैशांत मिळणारे, की दहा वर्षांनीही परवडणारे? आमच्या धंद्यातील एक जुने उदाहरण मला आठवले. विंडोज ९८ बरोबर स्कॅन केलेले कागद पाहण्याचा एक भाग फुकट येत असे. प्रथम तो वँग कंपनीचा होता, मग कोडॅककडे गेला. अनेकांनी त्याच्या भरवशावर कार्यालयांचे प्रोग्राम उभे केले. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि तीत तो भाग नव्हता. फायली जिथल्या तिथे होत्या. त्या दाखविणाऱ्या खिडक्या मात्र बंद पडल्या. एकरकमी असो, वार्षिक असो वा फुकट असो, दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारा व्ह्यूअर किती काळ आपला, हे आधी विचारावे लागते.

तेव्हा मी मुक्त सोर्सकडे वळलो. तेथे व्ह्यूअरची उणीव नाही. पॉप्लर आहे, म्यूपीडीएफ आहे, गूगलने २०१४ साली खुला केलेला पीडीएफियम आहे, आणि मोझिलाच्या अभियंत्यांनी २०११ साली सुरू केलेला पीडीएफ.जेएस आहे, जो २०१३ पासून फायरफॉक्समध्ये आपोआप असतो. पैसे कोणीच मागत नाही. परंतु प्रत्येकाबरोबर एक करारनामा येतो. माझ्यासारखे बहुतेक लोक तो न वाचता 'मान्य' म्हणतात. वकीलसाहेबांनी तसे करू दिले नाही. चारही करारनामे छापून घेऊन, लाल पेन्सिल हाती धरून त्यांनी ते दोन संध्याकाळी वाचून काढले, आणि त्या दोन संध्याकाळी ते जितके खुशीत होते तितके मी त्यांना क्वचितच पाहिले आहे.

त्यांचा निष्कर्ष असा. पॉप्लरचा जीपीएल आणि म्यूपीडीएफचा एजीपीएल सांगतात, की आमचा कोड तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळून तो दुसऱ्याला दिलात, तर तुमच्या संपूर्ण प्रोग्रामचा कोडही त्याला ह्याच अटींवर द्यावा लागेल. एजीपीएल एक पाऊल पुढे जातो. प्रोग्राम नेटवर्कवरून नुसता वापरायला दिला तरी ती अट लागू होते. ती नको असेल, तर म्यूपीडीएफची मालक कंपनी पैसे घेऊन निराळा परवाना देते. पीडीएफ.जेएसचा अपाची करार मात्र मूळ कर्त्यांची नोंद राखा, बदल केले असतील तर तसे सांगा, आणि आमच्यावर दावा लावू नका, एवढ्यावरच थांबतो. "आपल्या ऐपतीला हा बरा," ते म्हणाले. "पण पहिल्या दोघांवर रागावू नकोस. मी दिले तसे तूही दे, एवढेच ते म्हणतात. त्यात वावगे काय?"

करार जुळला तरी कागद नीट दिसतो का, ते पाहायचेच होते. त्यासाठी मी सर्वांत अवघड कागद निवडून काढले आणि विकाऊ घटकांच्या चाचणी प्रती व हे फुकट व्ह्यूअर, सर्वांपुढे एकेक करून ठेवले. चाचणी प्रती प्रत्येक पानावर आपल्या कंपनीचे नाव आडवे छापीत. त्याखालून मी वाचीत गेलो.

एक हस्तलिखित सातबारा होता. क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांच्यामध्ये टिंबे असतात, हे आपणांस ठाऊक आहे. विकाऊपैकी एका स्वस्त घटकात पूर्ण पान पडद्यावर मावेल इतके लहान करताच ती टिंबे नाहीशी झाली. अक्षरांवरचे काही अनुस्वारही गेले. कारण साधे आहे. असा स्कॅन निव्वळ काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. चित्र लहान करताना आळशी प्रोग्राम चारांतले तीन ठिपके सरळ टाकून देतो. नशीब असेल तर काळा उरतो, नसेल तर पांढरा. नीट लिहिलेला प्रोग्राम आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढून तेथे करडी छटा ठेवतो आणि टिंब फिकट का होईना, राहते. ज्या विधवा बाईंचा तो उतारा होता, त्यांचा वाटणीतला हिस्सा गुंठ्यांत मोजण्याएवढा होता. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. टिंब सरकले तर त्यांच्या परसाची वाडी होईल किंवा वाडीचे परस.

पीडीएफ.जेएसमध्ये टिंब टिकले. ते का टिकले हेही मला पाहता आले, कारण त्याचा कोड सर्वांसाठी उघडा आहे. मोठे चित्र लहान करताना तो एकदम उडी घेत नाही. निम्मे, मग त्याचे निम्मे, असा पायरीपायरीने उतरतो, आणि ठिपके गळू नयेत म्हणून असे केले आहे, अशी टीपही लिहिणाऱ्याने तेथे ठेवली आहे. विकाऊ घटकाच्या बाबतीत मला फक्त तक्रार पाठविता आली असती.

पण पाहणारा कितीही प्रामाणिक असला तरी फाइलच खोटी असेल तर तो काय करणार? २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाच्या ध्यानात आले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत आहेत. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे निरनिराळी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या. फाइल लहान व्हावी म्हणून जेबिग२ नावाची रीत एकसारखी दिसणारी अक्षरे शोधून एकाच्याच छापाने सारी भरते. तिला ६ आणि ८ सारखेच वाटले. पुढे कंपनीने दुरुस्ती पुरविली. वकीलसाहेबांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता कारकुनाला हाक मारली आणि जेबिग२ने दाबलेल्या फायली मी शोधून दिल्यावर तेवढे कागद कपाटातून पुन्हा काढायला लावले.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याने निराळाच पेच घातला. आधार कार्डाची फाइल उघडल्यावर सहीजवळ दिसणारे पिवळे प्रश्नचिन्ह पुष्कळांनी पाहिले असेल. सही खरी आहे का, हे तपासणे म्हणजे तिच्यामागील प्रमाणपत्रांची साखळी तपासणे. छोटे व्ह्यूअर बहुधा त्या भानगडीत पडत नाहीत. ते सहीचे चित्र तेवढे दाखवितात. म्हणून मी अशा कागदाच्या माथ्यावर 'येथे सही तपासलेली नाही' अशी पट्टी लावली आणि अडोबीच्या फुकट रीडरमध्ये उघडण्याचे बटण दिले. हे देखणे नाही, पण खरे आहे.

वर्ड फायलींनी मात्र छळले. त्यांतील मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. ह्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. फॉन्ट नसला की नोटिशीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. ज्या संगणकावर ते फॉन्ट रीतसर घेतलेले होते, त्यावरच लिबर ऑफिसकडून सर्व फायलींचे पीडीएफ करून फॉन्ट आतच बसवून टाकले.

मूळ फायलींना मात्र हात लावला नाही. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. संगणकातील नोंद न्यायालयात द्यायची तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. एक ठिपका बदलला तरी हे मूल्य बदलते. म्हणून प्रोग्राम आत येणाऱ्या प्रत्येक फाइलचे मूल्य काढून ठेवतो आणि व्ह्यूअर फक्त पाहतो. पान उलटे फिरविले तरी ते पडद्यावरच फिरते.

परवान्यापोटी अखेर एक रुपयाही गेला नाही. माझे नऊ आठवडे गेले. त्यांची मजुरी वकीलसाहेबांनी दोन हप्त्यांत दिली आणि पीडीएफ.जेएसच्या कर्त्यांची नोंद प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर असावी, असा आग्रह धरला. करारात तेवढे मागितलेले नव्हते.

एक गोष्ट अद्याप साधलेली नाही. पीडीएफमध्ये मराठी मजकूर बहुधा चित्र काढल्याच्या क्रमाने साठविलेला असतो. 'विहीर' लिहिताना आपण आधी 'व' टाइप करतो, पण चित्रात वेलांटी त्याच्या आधी येते. त्यामुळे शब्द डोळ्यांना दिसतो आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरेच नसतात. म्हणून कार्यालयातील मुलगी प्रत्येक कागद पडद्यावर मोठा करून गावाचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि धारकांची नावे हाताने भरते. दिवसाला तीस-चाळीस कागद होतात. दोन कपाटे झाली; तिसऱ्याचा वरचा कप्पा चालू आहे.