पहिलं यंत्र कुठलं बनवावं?



झोडणी उरकल्यापासून गावातली दोन-चार पोरं विचारतात, "काका, कमी पैशात काहीतरी बनवून शिकायचंय, सुरुवात कशाने करू?" हे टिपण त्यांच्यासाठी, आणि विचारायला लाजणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींसाठी पण.

वस्तू निवडताना तीन गोष्टी बघा. खर्च युरियाच्या एका गोणीच्या आत हवा. बिघडली तर पिकाचं, जनावराचं, माणसाचं नुकसान व्हायला नको. आणि रोजची एखादी कटकट तिने कमी व्हायला हवी, नाहीतर आठ दिवसांत माळ्यावर जाते.

पहिली वस्तू बिनविजेची, पाणीपाईप. उन्हाळी भात करणाऱ्यांसाठी. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ही पद्धत पसरवली. चार इंची पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा घ्या. खालच्या २० सेंटिमीटरला चहूबाजूंनी बारीक भोकं पाडा. भोकं जमिनीखाली जातील असा खाचरात गाडा आणि आतला चिखल काढून टाका. लावणीनंतर दोनेक आठवड्यांनी बघायला लागा. पाईपातलं पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की मगच पाणी सोडायचं. फुलोऱ्यात मात्र खाचर सुकू द्यायचं नाय. वरून कोरडं दिसणाऱ्या शेतात खाली किती पाणी असतं ते पट्टी घालून कळतं. यातून मोजायला शिकतो.

दुसरी वस्तू, टाकी भरल्याची घंटी. सामान: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, तिची टोपी, छोटा बझर आणि वायर. मला सगळं दीडशेच्या आत पडलं. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बझरची प्लस वायर बॅटरीच्या प्लसला, मायनस कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या मायनसला. आता दोन उघड्या तारा टाकीच्या तोंडाशी जवळजवळ सोडा, पण एकमेकींना लागू देऊ नका. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी रेझिस्टरमधून बेसला. पाणी तारांना टेकलं की पाण्यातून अगदी थोडा करंट बेसला जातो, त्यावर ट्रान्झिस्टर मोठा करंट सोडतो आणि बझर वाजतो. तारा काही महिन्यांत काळ्या पडतात, तेव्हा पॉलिश पेपरने घासायच्या.

एक गोष्ट घोकून ठेवा. हे सगळं बॅटरीवर. घरच्या लाईटला किंवा मोटारीच्या स्टार्टरला जोडायचं नाय. तिथे चूक झाली तर दुरुस्तीला माणूसच उरत नाय.

या दोन्ही वस्तू चालल्यावर तिसरी, आर्डुइनो. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावच्या एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांसाठी हा बोर्ड तयार झाला. त्याचे नकाशे सगळ्यांना खुले, म्हणून तशीच स्वस्त कार्डं बाजारात मिळतात. त्याला ओलाव्याचा सेन्सर जोडून मिरचीच्या वाफ्यात लावा. दोन उघड्या पट्ट्यांचा सेन्सर ओल्या मातीत लवकर गंजतो, कपॅसिटिव्ह थोडा महाग पण टिकतो. आधी आपल्याच मातीचा कोरडा आकडा आणि भिजलेला आकडा वहीत लिहा. दुसऱ्याच्या मातीचा आकडा आपल्याला लागू पडत नाय.

हे शिकायला इंजिनियर व्हावं लागतं असं वाटत असेल तर पाबळचं उदाहरण बघा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं शास्त्रज्ञाचं काम सोडून ते गावात आले. हाताने काम करता करता शिकायचं, आणि शिकलेलं गावाच्या कामी आणायचं, ही तिथली रीत. शाळेत मागे पडलेली पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकली. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब आली. अरविंद गुप्ता तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करून विज्ञान शिकवतात. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत.

आता मी हे का सांगतोय? खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ सालचं. म्हणजे वीज आपल्या उशाशी शंभरावर वर्षं आहे. तरी पंपाचं कार्ड गेलं की आपण हातावर हात ठेवून मेकॅनिकची वाट बघतो. मार्चात माझा मळा असाच चार दिवस सुकला. शेवटी फक्त एक वायर सुटलेली निघाली. पोरं कंपनीत लागतात, दिवसभर मशीनचं बटण दाबतात, पण आत काय चाललंय ते त्यांना कोणी उघडून दाखवत नाय. दीडशे रुपयांच्या घंटीने कोणी मेकॅनिक होणार नाय, पण झाकण उघडायची भीती जाते. ती गेली की पुढचं माणूस विचारून-विचारून शिकतो.

उन्हाळी लावणी तोंडावर आहे. पाईपचा तुकडा बहुतेकांच्या पडवीत पडलेला असेल. यंदा एका खाचरात लावा आणि रोजचं माप वहीत लिहा. घंटीला सामान आणणार असाल तर ट्रान्झिस्टर दोन-तीन जास्त घ्या. चार-पाच रुपयांची वस्तू, शिकताना एखादा जळणारच.