वॉटर्लूची कातरवेळ

लंडनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मला कातरवेळ फार जड गेली. डिसेंबरात इथे चार वाजायच्या आतच सूर्य बुडतो. आपल्याकडे दिवेलागणीला घरात माणसं गोळा होतात, देवापाशी निरांजन लागतं, कोणीतरी चहा टाकतं. इथे ऑफिसच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख आणि घरी जाऊन बोलायला कोणी नाही.

मी भाड्याने राहत होते त्या घराच्या स्वयंपाकघरात मालकीण आजींचा रेडिओ कायम चालू असे. एका शुक्रवारी मी भात लावत होते आणि 'द किंक्स' या बँडचं 'वॉटर्लू सनसेट' लागलं. भांडी घासणाऱ्या आजींनी नळ बंद केला. गाणं संपेपर्यंत ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमचं गाणं."

गाणं १९६७ सालचं, बँडचा गायक रे डेव्हिसने लिहिलेलं. त्याच्या मनात आधी लिव्हरपूल होतं म्हणे. मग गाणं आपल्या गावच्या नदीवर उतरलं. ते बरंच झालं. लहानपणी आजारपणात तो थेम्सकाठच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात होता, तिथून त्याने ही नदी पाहिली होती. सुरुवातीला बास गिटार एकेक पायरी खाली उतरत येते, जिना उतरून कोणी घाटावर यावं तशी. मग धाकट्या भावाची, डेव्हची गिटार. मागून तरंगत येणाऱ्या उंच सुरांत रेची तेव्हाची पत्नी रासा हिचाही आवाज आहे.

पण मला धरून ठेवलं ते गाण्यातल्या माणसाने. तो खिडकीशी बसलाय. वॉटर्लू स्टेशनवरची गर्दी त्याला नकोशी वाटते, मित्र कोणी नाहीत. टेरी आणि ज्युली दर शुक्रवारी स्टेशनवर भेटतात, नदी ओलांडून जातात, तो पाहतो. त्यात हेवा नाही की तक्रार नाही. मावळतीचा उजेड पाहायला मिळतोय, एवढ्यावर त्याचं मन भरून येतं. एकटेपणावर गाणी पुष्कळ आहेत. एकट्या माणसाला इतक्या मानाने वागवणारं दुसरं गाणं मला माहीत नाही. शहर आपलं व्हायला तिथे आपलं कोणी असावंच लागतं, ही माझी समजूत त्याने पुसून टाकली.

तेव्हापासून शुक्रवारी कामावरून सुटले की मी वॉटर्लू पुलावरून चालत जाते. हा पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला, आणि बांधणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. म्हणून त्याला 'लेडीज ब्रिज'ही म्हणतात. आजींनीच सांगितलं होतं. त्याचा पोर्टलंडचा दगड पावसाने धुऊन उजळ राहतो. पूल ओलांडेपर्यंत गाणं जवळजवळ दोनदा ऐकून होतं.

२०१२च्या ऑलिंपिकच्या समारोपाला रे डेव्हिस टॅक्सीतून उतरून हेच गाणं गायला. मी आजींच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिलं. आजी पुटपुटत गात होत्या. मीही गात होते, एव्हाना शब्द पाठ झाले होते.

लंडनला आलात तर पूल स्ट्रँड रस्त्याकडून दक्षिणेकडे चालत ओलांडा. मध्यावर वेस्टमिन्स्टरच्या बाजूच्या कठड्याशी थांबा. डिसेंबर असेल तर साडेतीनलाच पोचा.