सवयीचा भाव

3 जुलै 2024, बुधवार
कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याने काचेवरच्या कागदावर 239 वर काट मारून शेजारी निळ्या पेनाने 299 लिहिलंय. जिओचा 28 दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक. एक मावशी हुज्जत घालत होत्या. "अहो मावशी, एअरटेलनेही आजपासूनच वाढवलेत, व्होडाफोनचे उद्यापासून. जाणार कुठे?" मावशींनी पुटपुटत पैसे दिले, मुलाचा क्लास मोबाइलवर असतो. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा महिनोन् महिने फुकट डेटा वाटला होता. त्या पेरणीचं पीक आता निघतंय.

रात्री कळलं, 'कू' बंद होतंय. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांचं बंगळूरूचं ॲप, ट्विटरला देशी पर्याय. 2021च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनावरच्या मजकुरावरून सरकारचं आणि ट्विटरचं वाजलं, तेव्हा मंत्री एकेक करून या पिवळ्या पक्ष्याकडे आले. त्याच वर्षी नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली आणि तिथलं सरकारही इकडे आलं. मराठी-कन्नडात लिहायची सोय खरोखर चांगली होती. ऐन भरात रोज 21 लाख लोक येत, असं संस्थापकांनी निरोपात लिहिलंय. पण मंत्र्यांनी ट्विटर काही सोडलं नाही. पुढारीच हलत नाहीत म्हटल्यावर वाचणारा का हलेल? देशाभिमानावर ॲप डाउनलोड होतं. ते रोज उघडायला ओळखीची माणसं तिथे असावी लागतात. आणि हा निरोपही आला तो लिंक्डइनवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ओसरीवरून!

20 जुलै, शनिवार
काल जगभर विंडोजचे निळे पडदे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या अपडेटमधली एक फाइल सदोष निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख यंत्रं आडवी झाली, तीही एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी. पण ती नेमकी विमानतळांवर, बँकांत, इस्पितळांत होती. आपल्याकडे इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. सगळे फोटो काढत होते, मीही दोनदा पाहिला: नाव, आसन, सगळं बॉलपेनने. दुरुस्तीही हातानेच. बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून फाइल काढायची.

6 ऑगस्ट, मंगळवार
वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांचा निकाल: शोधयंत्राच्या धंद्यात गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली. खटला 2020चा. निकालातला एक आकडा डोक्यातून जात नाही. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच शोधयंत्र बसवलेलं असावं, म्हणून गुगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर वाटले. आमचं शोधयंत्र उत्तम आहे म्हणून लोक येतात, असं कंपनी म्हणते. ते उत्तम आहे हे न्यायाधीशही मान्य करतात. मग हे पैसे कशाचे? ज्याला सेटिंग बदलायचा कंटाळा आहे, त्याच्या कंटाळ्याचे. गुगल अपिलात जाणार आहे.