हजार किलोंच्या आत

जपानमधील हिरोशिमा शहरात १९२० साली ‘टोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी स्थापन झाली. तिचा व्यवसाय बुचाचा होता. पाण्यावर सहज तरंगणाऱ्या त्या हलक्या वस्तूपासून आरंभ करून ही कंपनी पुढे यंत्रांकडे वळली. १९३१ मध्ये तिने तीनचाकी मालवाहू गाडी बनवली आणि कालांतराने ‘माझदा’ या नावाने ती जगभर ओळखली जाऊ लागली. याच कंपनीने १९८९ मध्ये दोन आसनांची एक लहानशी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. ‘एमएक्स-५’ हे तिचे नाव. अमेरिकेत ती ‘मियाटा’ म्हणून परिचित आहे. या गाडीच्या चार पिढ्यांचा इतिहास हा वजन वाढत जाण्याचा आणि नंतर ते जाणीवपूर्वक उतरवण्याचा इतिहास आहे. ज्यांना मोटारींत रस नाही, त्यांनीही तो एकदा वाचावा असा आहे.

हलकी, उघडी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार ही मुळात इंग्लंडची परंपरा. लोटस, एमजी आणि ट्रायम्फ या कंपन्यांनी पन्नास-साठच्या दशकांत अशा गाड्या लोकप्रिय केल्या. इंजिन फार शक्तिमान नसले तरी चालेल, गाडी हलकी असली की ती चपळ होते, हा त्यामागचा साधा विचार होता. पुढे सुरक्षेचे व प्रदूषणाचे नियम कडक झाले, गाड्यांच्या सततच्या बिघाडांना ग्राहक कंटाळले आणि १९८० मध्ये ‘एमजीबी’ व ‘स्पिटफायर’ या दोन्ही प्रसिद्ध गाड्यांचे उत्पादन थांबले. त्याच सुमारास बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या वरिष्ठांना सुचवले होते, की अशी साधी, हलकी गाडी आता तुम्ही करावी. दहा वर्षांनी ती सूचना प्रत्यक्षात आली.

तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या पहिल्या गाडीचे वजन जपानमधील मूळ आवृत्तीत सुमारे ९४० किलो होते. इंजिन अवघे १.६ लिटरचे. बॉनेट अॅल्युमिनियमचे, छत कापडी आणि हाताने उघडण्याचे. पुढच्या व मागच्या चाकांवर भार समान पडावा म्हणून बॅटरीसुद्धा मागे, सामानाच्या कप्प्यात ठेवलेली. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, अशा अर्थाचा ‘जिनबा इत्ताइ’ हा जपानी शब्दप्रयोग या गाडीचे ध्येय ठरला. ती जगाला अतिशय आवडली. २००० साली सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

परंतु यश मिळाले की गरजाही वाढतात. १९९८ मध्ये दुसरी पिढी आली आणि मागची प्लास्टिकची खिडकी जाऊन काचेची आली. २००५ मधील तिसऱ्या पिढीत गाडी मोठी झाली, इंजिन दोन लिटरचे झाले, सांगाडा अधिक भक्कम झाला आणि वजन सुमारे १०९० किलोंवर गेले. वर्षभरात बटण दाबताच घडी होणारे टणक छतही उपलब्ध झाले. त्याने आणखी पस्तीसेक किलोंची भर घातली. यातील प्रत्येक भर तपासून पाहिली, तर तिला कारण सापडते. कुठे सुरक्षा, कुठे सोय, कुठे ग्राहकाची मागणी. हव्यासाने केलेली अशी एकही गोष्ट बोट ठेवून दाखवता येत नाही. तरीही बेरीज दीडशे किलोंची झाली.

वजनाचा स्वभाव चक्रवाढ व्याजासारखा असतो. गाडी जड झाली की तिला ओढण्यास मोठे इंजिन लागते. इंजिन मोठे झाले की ब्रेक मोठे, चाके रुंद आणि सांगाडा बळकट करावा लागतो. यांपैकी प्रत्येक सुधारणा पुन्हा वजनातच जमा होते. म्हणजे भार स्वतःलाच वाढवत नेतो. तिसऱ्या पिढीच्या अभियंत्यांना याची जाणीव होती. त्यांनी ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवला. मागचे दृश्य दाखवणारा आतला आरसा साधा करून त्यांनी ८४ ग्रॅम वाचवले. हे प्रयत्न झाले नसते, तर गाडी याहूनही जड झाली असती.

चौथ्या पिढीत मात्र शंभर किलोंहून अधिक वजन उतरवण्याचा निश्चय आरंभीच झाला. नोबुहिरो यामामोतो हे त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. बॉनेटप्रमाणे पुढचे मडगार्डही अॅल्युमिनियमचे झाले. गाडीची लांबी पहिल्या पिढीपेक्षाही कमी केली गेली. जपानमध्ये इंजिन दोन लिटरवरून दीड लिटरवर आणले गेले. गाडी हलकी झाली म्हणून प्रत्येक चाकाला पाचऐवजी चार बोल्ट पुरेसे ठरले. जे चक्र भार वाढवत होते, तेच आता उलट फिरून भार कमी करू लागले. २०१५ मध्ये आलेल्या या गाडीच्या सर्वांत साध्या आवृत्तीचे वजन ९९० किलो भरले. विशेष म्हणजे एअरबॅगसारखी जीवरक्षक साधने तिच्यात कायम होती. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली.

स्पोर्ट्स कार ही चैनीची वस्तू आहे. तिच्यात अपरिग्रह शोधणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु श्रावकासाठी सांगितलेले व्रत सर्वस्वत्यागाचे नाही, ते परिग्रह-परिमाणाचे आहे. आधी मर्यादा ठरवायची आणि मग तिच्या आत संसार करायचा, हा त्याचा गाभा. मर्यादा न ठरवता केवळ प्रत्येक वस्तूची उपयुक्तता तपासत बसले, तर कोणतीच वस्तू निरुपयोगी ठरत नाही. निवृत्तीनंतर मोठे घर सोडून लहान घरात जाणाऱ्या कुटुंबांना याचा अनुभव येतो. माळ्यावरची पितळी भांडी, पाहुण्यांसाठी राखलेल्या गाद्या, मुलांची जुनी पुस्तके, कधीतरी लागतील म्हणून जपलेली खोकी. प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी सांगता येते. ‘काय टाकावे?’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळत नाही. ‘किती ठेवावे?’ हे आधी ठरवले, तर ते मिळू लागते. आणि एअरबॅगप्रमाणे जे खरोखर रक्षण करणारे आहे, ते वेगळे ओळखूही येते.

ज्ञाताधर्मकथेत तुंब्याचा दृष्टांत आहे. मातीचे आठ लेप चढवलेला भोपळा पाण्यात तळाशी जातो. लेप एकेक करून विरघळले की तो आपोआप वर येतो. वर येण्यासाठी त्याला नवे काही मिळवावे लागत नाही, कारण तरंगणे हा त्याचा स्वभावच असतो. मात्र गाडीचा इतिहास आणखी एक सावधगिरी शिकवतो. चौथ्या पिढीतही पुढील काही वर्षांत नव्या साधनांमुळे थोडे किलो पुन्हा चढले. भार एकदा उतरवून काम संपत नाही. म्हणूनच प्रतिक्रमण आयुष्यात एकदा करण्यास सांगितलेले नाही. ते रोज, पंधरवड्याला, चातुर्मासाला आणि संवत्सरीला करण्यास सांगितले आहे. घरातील कपाटाचा हिशेबही निदान वर्षातून एकदा, पर्युषणापूर्वी, मांडण्यास हरकत नसावी.